आमचा दर्या बंद, त्यांचा उघडा: जुलैतलं सामुई

गोव्यात पर्यटनावर पोट असलेल्या माणसाला सुट्टी मिळते ती नेमकी समुद्रावर जाऊ नये अशा दिवसांत. ३१ मे आला की शॅक उतरवायचे, १ जूनपासून ६१ दिवस ट्रॉलर धक्क्याला बांधलेले, किनाऱ्यावर दृष्टीवाल्यांचे, म्हणजे जीवरक्षकांचे, लाल बावटे. कळंगुटचा शॅकवाला, कोलव्याचा हॉटेलवाला, बागाचा वॉटरस्पोर्टवाला, सगळे एकदम मोकळे. मग थायलंडचं तिकीट निघतं, आणि बेटाचं नाव माहीत असतं एकच, फुकेत. तिथे पोचल्यावर पाटोंगच्या वाळूतही लाल बावटाच रोवलेला दिसतो, लाटा बागासारख्याच अंगावर येतात, आणि पाऊस तर सामानाबरोबर आणल्यासारखा.

यात फुकेतचं काही चुकत नाही. ते बेट अंदमान समुद्रात, पश्चिमेकडे तोंड करून बसलंय, म्हणजे आपल्यासारखंच. जो नैऋत्य मोसमी वारा आपल्याला झोडपतो तोच मे ते ऑक्टोबर तिथेही वाहतो. पण थायलंडच्या दक्षिणेच्या निमुळत्या पट्टीत मधोमध डोंगर आहेत. पाऊस पश्चिम अंगाला रिता होतो आणि पूर्वेच्या आखातावर पोचेपर्यंत बराच ओसरतो. सह्याद्री ओलांडून विजापूरकडे गेल्यावर जे होतं तेच हे. कोह सामुई त्या पूर्वेच्या अंगाला आहे. जुलैत तिथे सहसा दिवसभर ऊन असतं, संध्याकाळी एखादी सर येते, अर्ध्या तासात रस्ता सुकतो. (कोह म्हणजेच बेट. तेव्हा ‘कोह सामुई बेट’ म्हणणं म्हणजे ‘मांडवी नदीची नदी’.)

गोवेकरासाठी यातून एक सोयीची फट निघते. २४ जूनच्या सांजावला विहिरीत उड्या मारून झाल्या की निघायचं आणि चवथीच्या बऱ्याच आधी परतायचं. मासे खायचे असतील तर श्रावण लागायच्या आत. उलट दिवाळीच्या सुट्टीत मात्र सामुईला जाऊ नका. ऑक्टोबर ते डिसेंबर तिथे ईशान्येचा पाऊस असतो, नोव्हेंबर सगळ्यात वाईट. फुकेत तेव्हा खुलतं, पण तेव्हा आपला हंगामही सुरू झालेला असतो.

आता पोचण्याचं. या बाबतीत सामुईला पाचपैकी दोनच गुण. बेटावरचा विमानतळ बँकॉक एअरवेजने स्वतः बांधला, तो १९८९ पासून सुरू आहे आणि विमानंही मुख्यतः त्यांचीच. स्पर्धा नाही म्हटल्यावर भाडं काय असणार ते टॅक्सीवाल्यांच्याच मर्जीवर चालणाऱ्या गोव्यातल्या माणसाला सांगायला नको. विमानतळ मात्र बघण्यासारखा. भिंती जवळपास नाहीतच, वर शाकारलेली छपरं, विमानापर्यंत न्यायला जत्रेतल्यासारखी उघडी गाडी. मोठं शॅकच म्हणा.

स्वस्त रस्ता असा: बँकॉकच्या डॉन मुआंगहून सुरत थानीला विमान, तिथून बस डोनसाकच्या धक्क्यावर, तिथून फेरीबोटीने दीड तास. सुरत थानीच्या विमानतळाच्या आगमन कक्षातच बस आणि बोटीचं एकत्र तिकीट मिळतं. सगळं धरून सुरत थानीला उतरल्यापासून हॉटेलपर्यंत पाच तास मोजा. यात माणसं तीन ठिकाणी फसतात. एक, बँकॉकलाही दाबोळी-मोपासारखे दोन विमानतळ आहेत. भारतातून येणारी बरीच विमानं सुवर्णभूमीला उतरतात आणि स्वस्त देशी विमानं डॉन मुआंगहून सुटतात. दोन्हींमध्ये पुढचं तिकीट दाखवल्यावर फुकट बस मिळते, पण बँकॉकची वाहतूक धरून मध्ये किमान पाच तासांची मोकळीक ठेवा. दोन, शेवटच्या बोटी संध्याकाळी सुटतात, म्हणून सुरत थानीला दुपारी तीनच्या आत उतरणारंच विमान घ्या. नाहीतर रात्र डोनसाकला, आणि डोनसाकला रात्री करण्यासारखं डासांशिवाय काही नाही. तीन, बोट लागते नाथोन किंवा लिपा नोईला, म्हणजे पश्चिमेला, आणि बहुतेक हॉटेलं चावेंग-लमाईला, म्हणजे पूर्वेला. तिकीट घेताना एकच प्रश्न विचारा: धक्क्यापर्यंत की हॉटेलपर्यंत? धक्क्यावरून पुढे जायला ऐनवेळी गाडी शोधली तर विमानात वाचवलेले पैसे तिथेच जातात.

बसमध्ये चढताना ते तुमच्या छातीवर एक रंगीत स्टिकर चिकटवतील. लग्नातल्या वऱ्हाड्यांसारखं वाटतं, पण काढू नका. कुणाला कुठल्या बसमध्ये आणि कुठल्या बोटीत कोंबायचं हे पुढची माणसं त्या रंगावरूनच ठरवतात. बोट म्हणजे चोडणच्या फेरीची थोरली बहीण: खाली ट्रक, वर माणसं. फरक इतकाच की इथे बसायला खुर्च्या आणि खायला कपातल्या शेवया मिळतात.

बेटाला फेर घालणारा एकच मोठा रस्ता आहे, ४१६९ क्रमांकाचा, सुमारे ५१ किलोमीटरचा. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून. टॅक्सीवर ठळक अक्षरांत ‘मीटर’ लिहिलेलं असतं आणि मीटर पडत नाही. याबद्दल गोवेकराने तक्रार करणं शोभत नाही, पुढे चला. सोंगथ्याव म्हणजे दोन बाकं टाकलेली, मागून उघडी लहान ट्रकगाडी. हात केला की थांबते, उतरायचं ठिकाण आलं की छताजवळचं बटण दाबायचं, उतरून चालकाला खिडकीशी पैसे द्यायचे. दिवसा माणशी ५० ते १०० बाथमध्ये काम होतं. अंधार पडला की तीच गाडी टॅक्सी होते, तेव्हा चढण्याआधी भाव ठरवा.

स्कूटर २०० ते ३०० बाथ रोज, आठवड्याची घेतली तर कमी. गोव्यात जन्म स्कूटरवर गेलेल्या माणसाला वाटतं की यात शिकण्यासारखं काय आहे. दोन-चार गोष्टी आहेत, आणि त्या महागात पडतात.

पहिली, परवाना. भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. आपल्या आरटीओकडून फॉर्म ४ए भरून, १,००० रुपये फी देऊन तो मिळतो, मुदत एक वर्ष. पण लायसन्सवर फक्त चारचाकीचा वर्ग असेल तर या परवान्यातही दुचाकी येत नाही. भाड्याने देणारा काही विचारत नाही, त्याला धंदा करायचाय. विचारतात ते पोलीस, आणि त्यांच्यापेक्षा वाईट म्हणजे प्रवास विमा कंपनी. पडलात, हाड मोडलं आणि दुचाकीचा वैध परवाना नसला तर विमा हात वर करतो. तिथल्या खासगी इस्पितळाचं बिल बघितल्यावर मोडलेलं हाड दुखायचं थांबतं.

दुसरी, पासपोर्ट. दुकानदार अनामत म्हणून मागतो. देऊ नका. पासपोर्टची छायाप्रत आणि दोन-तीन हजार बाथ रोख अनामत घेणारी दुकानं आहेत, चार पावलं पुढे जा. पासपोर्ट त्याच्या खणात अडकला की आरशावरच्या ओरखड्याचा भाव तो ठरवणार. गाडी घेताना चारी बाजूंचा, आरशांचा, चाकाच्या रिमचा आणि पेट्रोलच्या काट्याचा व्हिडिओ दुकानदाराच्या समोर, त्याला दिसेल असा काढा. नुसता पुरावा म्हणून नव्हे. तुम्ही व्हिडिओ काढता हे बघूनच पुढची अर्धी कटकट टळते. गाडीबरोबर जो सक्तीचा विमा असतो तो माणसांच्या उपचारापुरता, गाडीच्या नुकसानीला त्यातून काही मिळत नाही.

तिसरी गोष्ट उजव्या पोटरीची. तिथे ‘थाई टॅटू’ नावाचा प्रकार प्रसिद्ध आहे: अर्ध्या चड्डीत, मागे बसलेला माणूस घाईत उजवीकडून उतरतो आणि पोटरी तापलेल्या सायलेन्सरला टेकते. बटाट्याच्या कापाएवढा गोल डाग पडतो, पुढचे दहा दिवस समुद्राचं पाणी लावायचं नाही. म्हणून चढणं-उतरणं कायम डावीकडून. बाकी मोठा रस्ता ठीक, धोका आडरस्त्यांवर. डोंगरातल्या व्हिलांकडे जाणारे चढ इतके उभे आहेत की १२५ सीसीवर दोन जाडी माणसं अर्ध्यात थांबतात, आणि उतारावरच्या वळणांवर वाळू पसरलेली असते. तिथे पुढचा ब्रेक एकटा दाबला की गाडी खालून निसटते. पेट्रोल पंपावर भरा. रस्त्याकडेला दारूच्या बाटल्यांत लालसर काहीतरी विकतात, तेही पेट्रोलच, फक्त महाग.

समुद्राला पाचपैकी साडेचार. चावेंगची वाळू पांढरी आणि बारीक, गर्दी मात्र कळंगुटची. लमाईला उतार जरा पटकन खोल होतो, पोहणाऱ्याला ते बरं. माएनाम आणि बोफुत उत्तरेला, शांत, म्हातारी माणसं आणि पोरं बरोबर असतील तर तिथेच राहा. पश्चिमेचे किनारे सूर्यास्ताला छान, पण ओहोटीला अर्धा फर्लांग चाललं तरी पाणी गुडघ्याच्या वर येत नाही.

कापलेला अर्धा गुण जेलीफिशचा. आखातात पेटीसारख्या आकाराची, जवळपास पारदर्शक अशी एक जात असते, बॉक्स जेलीफिश. तिचा डंख आपल्याकडच्या खाजेसारखा नाही, जीव घेऊ शकतो, आणि आपल्या पावसाळ्याच्या महिन्यांत, म्हणजे नेमके आपण जातो तेव्हा, ती जास्त आढळते. किनाऱ्यावर खांबाला लावलेल्या व्हिनेगरच्या बाटल्या दिसतात, त्या सॅलडसाठी नाहीत. पाण्यात उतरण्याआधी जवळची बाटली कुठे आहे ते बघून ठेवा. डंख झाला तर माणसाला बाहेर काढा, डंखाच्या जागी किमान ३० सेकंद व्हिनेगर ओतत राहा आणि लगेच मदत बोलवा. गोडं पाणी नको, वाळूने चोळणं नको, आणि मित्रमंडळी सुचवतात तो लघवीचा उपाय तर मुळीच नको, त्याने न फुटलेल्या विषाच्या पेशीही फुटू शकतात. पूर्ण बाह्यांचा आणि पायांचा पातळ लायक्राचा पोशाख घातला तर बरीच चिंता मिटते. सरसकट उघड्या अंगाने पोहणाऱ्यांना तो बावळट दिसतो, दिसू दे.

एक दिवस बोटीची सहल करायची तर आंग थोंग सागरी उद्यानाची. ४२ बेटं, मधे मोटारीचा आवाज नाही, वाघाच्या नखांसारखे चुनखडीचे सुळके. सहल साधारण १,५०० ते २,५०० बाथ, उद्यानाचं शुल्क त्यात आहे की वेगळं ते विचारा, परदेशी माणसाला ते ३०० बाथ असतं. स्पीडबोट पाऊण तासात पोचते, मोठी बोट त्याच्या दुप्पट वेळ घेते. घाई नसेल तर मोठीच घ्या. स्पीडबोटीत फोटोच्या हौसेने पुढे बसणाऱ्याची पाठ प्रत्येक लाटेला आपटते. मागे, इंजिनाजवळ, सगळ्यात कमी हादरे. उलटीची गोळी बोट सुटायच्या अर्धा तास आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी मासे खातात. वुआ तालाप बेटावरची उंचावरून बघायची जागा सुमारे ५०० मीटरच्या चढावर आहे, शेवटी टोकदार खडक आणि धरायला दोरखंड. कंपनीचा माणूस चपला चालतील म्हणतो, पण ओल्या चपलेत पाय सरकतो, मागे पट्टा असलेलं काहीतरी घाला. सनक्रीम बघून न्या: ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट असलेली क्रीम थायलंडच्या सागरी उद्यानांत २०२१ पासून बंद आहेत, कारण त्याने प्रवाळ मरतं. आपल्याकडच्या बऱ्याच ट्यूबांवर यातलं एक नाव सापडतं.

जेवण. इथे गोवेकराची खरी परीक्षा, कारण घटक सगळे ओळखीचे आणि चव वेगळीच. नारळाचा रस आहे, पण त्यात कोकम नाही, गलंगल (आल्याच्या जातीचा कंद) आणि गवती चहा. तोम खा ही नारळरसातली आंबटसर कढी पहिल्या घोटाला आपल्या माशाच्या हुमणाची आठवण देते आणि दुसऱ्याला ती पुसून टाकते. प्ला थू नावाचा मासा मागा. तो आपल्या बांगड्याचा सख्खा चुलत भाऊ, अंगाने जरा रुंद. बाजारात वाफवून, मान वाकवून, बांबूच्या चिमुकल्या टोपलीत दोन-तीन असे बसवलेले मिळतात. मान का वाकवतात, तर सरळ ठेवला तर टोपलीत मावत नाही, इतकं साधं कारण. तळून, बरोबर कोळंबीच्या आंबवलेल्या गोळ्याची मिरचीची चटणी देतात. गालम्याची, म्हणजे सुक्या जवळ्याची, किसमूर आवडणाऱ्याला ती लगेच पटते, बाकीच्यांनी वास घेऊन निर्णय घ्यावा. आपल्याकडे ट्रॉलर बंद असताना बांगड्याचा भाव विचारवत नाही, त्या दिवसांत ताटात ताजा मासा पडणं हीच अर्धी सुट्टी.

सोमवार-गुरुवार पाळणाऱ्यांना आणि पूर्ण शाकाहारींना जास्त काळजी घ्यावी लागते. ‘व्हेज’ म्हटलं की भाजी येते, पण त्यात नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी, पडलेलंच असतं. त्यांच्या लेखी ते मीठ आहे. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत, सोम ताममध्ये, सुकी सुंगटं (कोळंबी) असतात. ‘माई साय नाम प्ला’ म्हणजे माशाचं पाणी घालू नका, आणि ऑयस्टर सॉसचंही वेगळं सांगावं लागतं. सगळ्यात खात्रीचा शब्द ‘जे’. लाल-पिवळ्या पाटीवर ते थाई अक्षर दिसलं तर आत डोळे मिटून जा. त्यात मांस, मासे, अंडं, दूध नसतंच, वर कांदा-लसूणही नसतो. कांदा-लसूण न खाणाऱ्याला याहून काय हवं? मात्र चिकन, मटण म्हणून दिसेल ते सोयाचं असतं, दचकू नका.

रस्त्यावर खनोम क्रोक नक्की. आप्पेपात्रासारखंच खळग्यांचं जाड पात्र, त्यात तांदळाचं पीठ आणि नारळाचा रस, वरून कांद्याची पात किंवा मका. खालून कुरकुरीत, आत जवळजवळ ओलं. दोन अर्धे जोडून पुडीत देतात. लगेच तोंडात टाकलं तर टाळू सोलते, पाच मिनिटं थांबलं तर मऊ पडतं. दोन मिनिटं हा योग्य वेळ. आंबा-चिकट भाताबद्दल गोवेकराचं मत विचारू नये. आंबा गोड असतो, मानकुराद नसतो, विषय संपला.

बिअर महाग लागेल. आपल्याला गोव्यातल्या भावांनी बिघडवलंय, इलाज नाही. जाताना माणशी एक लीटर दारू नेता येते, फेणी त्यात बसवा, पण हँडबॅगेत नव्हे. व्हेप मात्र मुळीच नेऊ नका, तिथे त्यावर बंदी आहे.

पाहण्याच्या जागा पटकन उरकतात. १९७२ मध्ये उभारलेला १२ मीटरचा बुद्ध सकाळी लवकर, कारण चपला खाली काढायच्या आणि दुपारी पायऱ्या तव्यासारख्या तापतात. वाट खुनाराममध्ये समाधिस्थ अवस्थेत गेलेल्या भिक्षूचा सुकलेला देह काचेत आहे, डोळ्यांवर काळा चष्मा. जुन्या गोव्यातल्या सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनाच्या रांगेत उभं राहिलेल्यांना देह नवा वाटणार नाही, चष्मा वाटेल. हसू आलं तर बाहेर येऊन हसा. ना मुआंगचे धबधबे सोडून द्या. ऐन जुलैत दूधसागर मागे ठेवून आलेल्या माणसाने तिथे जाऊन काय बघायचं, गळका नळ? बोफुतचा शुक्रवारचा रात्रबाजार मात्र चुकवू नका. सहाच्या आत पोचा, सातनंतर स्कूटर लावायला जागा मिळत नाही.

मालिशचं एक तासाचं साधारण ३०० ते ४०० बाथ. हडकुळी बाई बघून निर्धास्त होऊ नका, ती कोपराने काम करते. ‘बाव बाव’ म्हणजे हळू. हा शब्द आधी पाठ करून मग आडवं व्हा. उन्हाने भाजलेल्या पाठीवर मालिश करून घेऊ नका, आणि जेवल्यावर निदान तासभर जाऊ द्या.

कागदपत्रांत नवीन एवढंच की मे २०२५ पासून थायलंडचं डिजिटल आगमनपत्र पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट सरकारी नाही. व्हिसाचे नियम तिकिटाआधी दूतावासाच्या साइटवर बघा, ते बदलत राहतात. रुपये बदलायचे तर बँकॉकमध्येच, बेटावर दर पडेल मिळतो. एटीएम दर वेळी २०० बाथच्या वर शुल्क कापतं, म्हणून एकदाच मोठी रक्कम काढा, आणि पडद्यावर ‘रुपयांत रूपांतर करू का’ असं विचारलं तर नको म्हणा.

परत येताना काय आणायचं? लमाईजवळ हिन ता, हिन याय नावाचे दोन खडक आहेत, आजोबा आणि आजी. खडकांचे आकार असे की सासू-सुनेने एकत्र बघू नयेत. गोष्ट सांगतात की एक म्हातारं जोडपं मुलासाठी मुलगी मागायला जहाजाने निघालं, जहाज फुटलं, आणि सोयरिकीचा होकार मिळवायला दोघांचे दगड झाले. त्या खडकांकडे जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंना कालामे विकतात: चिकट तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि साखर, मोठ्या कढईत तासन्‌तास घोटून काळंभोर केलेलं. म्हणजे आपला दोदोल, फक्त काजू नाहीत. चाखायला देतात, निःसंकोच घ्या. दाबल्यावर बोटाला तेल लागलं आणि तुकडा ओढताना लवकर तुटला तर तो शिळा. ताजा असेल तर लांब ताणला जातो आणि दाताला चिकटून बसतो, तो घ्या आणि चेक-इनच्या बॅगेत कपड्यांच्या मधे ठेवा. घरी दिल्यावर आई विचारेल, एवढ्या लांब जाऊन दोदोल आणलास?